प्रयोगशाळेतलं माझं नाक

अगं, ये इकडे. अशी परक्यासारखी दारातून वाचू नकोस, जवळ बस. आणि आधी बोलणी खा. फोन करतेस तेव्हा तुझ्या पाठीमागे कसलं तरी यंत्र घुं घुं करत असतं, आणि माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तू म्हणतेस, "मावशी, नंतर बोलते." ते तुझं नंतर काही येत नाही. सख्ख्या बहिणीची लेक तू, या तुळिंजच्या दीड खोलीत राहून कॉलेज केलंस, माझ्या हातची पेज पिऊन परीक्षांना गेलीस, आणि आता मावशीला फोनवर मिनिटं मोजून देतेस. म्हणून लिहायला बसले. कागद मध्येच फोन ठेवत नाही.

सांगायचंय ते तुझ्या कामाचंच आहे. तुझा तो स्वच्छ लोकांचा गट आमच्यामुळे कोसळला, तो तू पुन्हा उभा केलास. पण त्याच्या शेजारी एक नवा गट केलायस आणि त्यात जागा रिकाम्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यातली एक जागा मला हवी आहे. का हवी, आणि मी त्या जागेच्या लायकीची आहे की नाही, हे तुझं तू ठरव. पण सगळं ऐकून ठरव.

पहिल्या वेळेपासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगेन, कारण मला ते कसं कळलं हे तुला माहीत नाही. चुकलं तर कान पकड.

रविवार होता. तू थर्मासच्या पेटीसारखी पेटी घेऊन आलीस आणि चहा घ्यायच्या आधीच म्हणालीस, "मावशी, तुझं नाक हवंय." तुझे काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "घेऊन जा. ती ते सगळीकडे खुपसत असते."

मग तू समजावलंस. तरुण पोरं हल्ली सिगारेट सोडून पेनासारखी नळी ओढतात. तिच्यात पाण्यासारखा द्राव असतो, तो तापतो, त्याची वाफ होते. म्हटलं, "त्यावर बंदी आहे ना? मग तुमच्याकडे कशी?" तर म्हणालीस, "रीतसर परवानगीने, मावशी. कपाटाला कुलूप असतं. आणि बंदी असून पोरं ओढतातच, म्हणून तर तपासायचं." ती वाफ माणसाच्या आत काय करते हे बघायला जिवंत माणसाला ओढायला लावता येत नाही. म्हणून माणसाच्या नाकातून थोड्या पेशी घ्यायच्या, त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांना वाफ द्यायची. नाकातलं अस्तर आणि आतल्या श्वासनळीतलं अस्तर सख्ख्या बहिणींसारखं असतं म्हणे. ही उपमा मात्र माझी.

"पण मी कुठे ओढते?" मी म्हटलं.

"म्हणूनच तर तू हवीस. ज्यांनी कधी काही ओढलं नाही, तंबाखूला शिवले नाहीत, अशांच्या पेशी हव्यात. त्या स्वच्छ असल्या तरच वाफेने काय केलं ते कळणार."

मग विचारलंस, सिगारेट? नाही. बिडी? अगं, काहीतरीच काय. तंबाखू खातेस? मी हसले. तंबाखू खाणारे म्हणजे हातावर चुना चोळून टाळी मारणारे, जिन्याच्या कोपऱ्यात पिंका टाकणारे बाप्ये. मी कशाला खाईन? नाही म्हटलं, आणि तूही पुढे गेलीस. काकांनी हौसेने नाक पुढे केलं तर म्हणालीस, "तुम्ही नापास. तुम्ही पूर्वी सिगारेट ओढायचात, मावशीनेच सांगितलंय." एवढं तोंड पडलं बाई त्यांचं.

तो तुझा ब्रश! बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लूच. नाकात फिरवलास तर डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि लागोपाठ शिंका. ब्रश एका नळीत बुचकळलास, दुसऱ्या नळीत मला थुंकायला लावलंस. लाळेची नळी दुसरीकडे तपासायला जाणार होती, त्यात निकोटिनची खूण सापडते का बघायला. म्हटलं, बघा बापडे. मग आपल्या मजल्यावरच्या बायका बोलावल्या मी. साताऱ्याकडच्या दोघी, शेवटच्या खोलीतली रत्नागिरीची. भुईगावची माझी मैत्रीण टोपली घेऊन आली होती, वाडीतली केळी आणि मुळा, तिलाही बसवलं. ती म्हणाली, "बाय, नाकात घालायचं ते घाल, पण आधी केळी घे. गिऱ्हाईक थांबलंय." सगळ्याजणी शिंकत, हसत, एकमेकींची टिंगल करत होत्या.

त्यानंतर महिन्याभराने तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवायला नेलंस. बाहेर माझ्या चपला काढायला लावल्यास, वर दुसऱ्या चपला दिल्यास, अंगावर पांढरा डगला चढवलास. म्हटलं, मी काय ऑपरेशनला चाललेय की काय.

तिथे एक कपाट होतं, आतून उबदार, अंगाच्या तापमानाएवढं. त्यात छोट्या छोट्या वाट्या. वाटीत जाळी, जाळीवर माझ्या नाकातल्या पेशी पसरून वाढलेल्या. खालून गुलाबी पाणी, तेच त्यांचं जेवण. वरून मात्र कोरडं, उघडी हवा. आधी पाण्यात बुडवून ठेवतात आणि जाळी पुरती झाकली गेली की वरचं पाणी काढून घेतात. हवा लागली की मगच पेशींना कळतं आपण नाक आहोत. हे मला फार आवडलं. भाताची रोपंही तशीच, पाय पाण्यात आणि तोंड वाऱ्यात.

मग तू मला दुर्बिणीखाली दाखवलंस. डोळा नीट लागायला वेळ गेला. आणि मग दिसलं. त्या पेशींवर बारीक केस, हजारो, सगळे एका दिशेने लवत होते, उठत होते, लवत होते. चिंचोटीच्या बाजूला शेतावरून वारा जातो ना, तसं. तू म्हणालीस, नाकातली धूळ आणि शेंबूड हे केस ढकलत बाहेर आणतात, रात्रंदिवस. मी घरी भाजी निवडत होते, काकांशी भांडत होते, आणि तिकडे मुंबईत एका कपाटात मी गुपचूप केर काढत होते.

आणि ते ओढणारं यंत्र. एका जाड सिरिंजचा दट्ट्या आपला आपण मागे यायचा, नळीच्या टोकाचा दिवा लागायचा, वाफ आत यायची, मग सगळं थांबायचं. पुन्हा मागे. दर वेळी तेवढीच खोल, तेवढाच वेळ. मी म्हटलं, "माणूस असा ओढत नाही. टेन्शन आलं की जोरात ओढतो." तू म्हणालीस, "खरंय, म्हणून जोराचे झुरकेही वेगळे करून बघतो. पण एका दिवसात सगळे एकाच मापाचे. नाहीतर सोमवारची वाफ आणि मंगळवारची वाफ ताडून कशी बघणार?" ते पटलं. पोळ्या एका आकाराच्या असल्या तरच कळतं, पीठ बिघडलं की तवा.

द्रावात काय असतं विचारलं तर म्हणालीस, मुख्य म्हणजे ग्लिसरीन, आणखी तसंच एक, वास यायला आंब्याचा नाहीतर गुलाबाचा अर्क, आणि निकोटिन.

"ग्लिसरीन? ते तर मी थंडीत टाचांना लावते."

"टाचांना लाव. टाच श्वास घेत नाही."

"आणि आंब्याचा अर्क बर्फीत घालतात की."

"बर्फी पोटात जाते, मावशी. पोटाला जे चालतं ते छातीला चालतं असं नाही. आणि तापवल्यावर ते तेच राहतं असंही नाही. त्यातून नवीन काय काय निघतं, तेच तर मोजतो आम्ही."

हे तुझं बोलणं मी घरी घेऊन आले. कितीतरी दिवस डोक्यात होतं. वस्तू तीच असते, पण ती कुठल्या दाराने आत येते त्यावर तिचं वागणं ठरतं. मला वाटलं, मला सगळं कळलं. कळलं होतं अर्धंच. तेव्हा मी फक्त दारांकडे बघत होते. पाहुणा कोण, ते बघत नव्हते.

माझ्या अर्ध्या वाट्यांना वाफ मिळणार होती, अर्ध्यांना नळकांड्यातली गाळलेली हवा. तेव्हा मी म्हटलं, "या आपल्या तुळिंजला डंपरची धूळ, गटाराचा वास, मागे कचरा जाळतात तो धूर. माझ्यापेक्षा माझ्या पेशींचं बरं चाललंय." तू हसलीस. दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्या होत्या, त्यांना आदल्या दिवशी वाफ दिलेली. त्या मला दाखवल्यास. त्यांचे केस मला मंद वाटले. तू लगेच म्हणालीस, "असं डोळ्यांनी ठरवायचं नसतं. तुला मंद दिसावेत असं वाटतंय म्हणून तसे दिसतात. कॅमेरा मोजतो, आणि जो मोजायला बसतो त्याला कुठली वाटी कुठली ते सांगायचंच नाही." किती चांगली रीत आहे ही! माणसाने स्वतःच्याच डोळ्यांवर पहारा ठेवायचा. संसारात ही रीत असती तर निम्मी भांडणं झालीच नसती.

मग तो फोन.

सकाळची वेळ. मी गॅलरीत उभी होते. तुझा आवाज असा, की मला वाटलं घरी कुणाचं काही झालं. तू म्हणालीस, "मावशी, लाळेचे निकाल आले. तुमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या लाळेत खूण निघाली. तुझ्याही. फक्त भुईगावच्या मावशींची स्वच्छ."

मी म्हटलं, "अं."

"प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणतात, नळ्या तू बदलल्यास. ओढणाऱ्या मुलांच्या नळ्या यांच्यात गेल्या. नाहीतर त्या बायका खोटं बोलल्या. मी म्हटलं, माझी मावशी खोटं बोलणार नाही. सर म्हणाले, मग नळ्या तूच बदलल्यास. मावशी, सांग ना, घरात कुणी ओढतं का? काकांनी परत सुरू केली का?"

मी म्हटलं, "न्हाई, काका न्हाई ओढत."

"मावशी, नीट बोल ना. तोंडात काय आहे तुझ्या?"

"काही नाही गं, मशेरी लावतेय. थांब, थुंकून येते."

मी चूळ भरून परत आले तर फोन चालूच होता. पलीकडून नुसती यंत्राची घुं घुं ऐकू येत होती. मी म्हटलं, "हॅलो?" आणि मग तू हसायला लागलीस की रडायला, मला अजून सांगता येत नाही.

आता बघ. तंबाखू मीच आणायचे. तवा मीच तापवायचे. पानं काळी होईस्तोवर भाजून, चुरून, फडक्यातून गाळून डबीत भरायचे. तू शाळेत असताना सुट्टीला यायचीस तेव्हा भाजण्याचा ठसका लागून गॅलरीत पळायचीस. तेव्हा पुडी कोपऱ्यावरून आणून द्यायचीस तूच. तरीही तू विचारलंस तंबाखू खातेस का, आणि मी नाही म्हटलं, आणि आपल्या दोघींपैकी एकीलाही ती डबी आठवली नाही. माझ्या आईने लावली, सासूने लावली, बाळंतपणात दात हलायला लागले तेव्हा दाईने लाव म्हणून सांगितलं. मशेरी आमच्या घरात मिठाच्या बरणीशेजारी असायची. तिला कोण तंबाखू म्हणणार? तुझे सर बाहेरगावचे, त्यांनी मशेरी ऐकलेलीच नव्हती. ज्याने ऐकली नाही त्याने विचारली नाही, आणि जिने रोज बघितली तिनेही विचारली नाही.

त्या संध्याकाळी तू आलीस. जेवली नाहीस. मजल्यावर प्रत्येकीला पुन्हा विचारलंस आणि प्रत्येकजणी म्हणाली, "हो, लावते की. दातांना." साताऱ्याकडच्या दोघींतली थोरली तर वर म्हणाली, "त्यात काय? तू तंबाखू विचारलंस, मशेरी कुठे विचारलीस?" तू मान खाली घालून बसलीस. मला इतका राग आला, तुझा नव्हे, पण निघाला तुझ्यावरच. म्हटलं, "तीस-चाळीस वर्षं लावतेय, मला काय झालंय? उगाच बिडीकाडी ओढणाऱ्यांच्या रांगेत बसवतेस."

तू म्हणालीस, "मावशी, तुझ्या रक्ताला कळत नाही ते हिरडीतून आलं की धुरातून. त्याला निकोटिन तेवढं कळतं."

आणि मला तुझं ते पोटाचं-छातीचं बोलणं आठवलं, आणि कळलं, दार वेगळं असलं तरी पाहुणा तोच.

"मग माझ्या त्या पेशी?" मी विचारलं.

"उद्या टाकाव्या लागतील. गटात बसत नाहीत."

"टाकणार म्हणजे? पाण्यात सोडणार?"

"विसर्जन नाही गं करत. दाबाखालच्या वाफेत शिजवून, पिशवी बांधून देतात."

"तू टाकशील ना? दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

"मीच टाकेन."

तू टाकल्यास, आणि फोन करून सांगितलंस. मी बरं म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. तेवढ्यात भुईगावची आली टोपली घेऊन. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाय, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत मी पास झाले, आणि तू नापास. आता रडतेस कशाला? तुझी मशेरी म्हणजे तुझा नवरा आहे, कितीही बोल लावलेस तरी सकाळी उठून तीच." मी म्हटलं, "नवऱ्याला कोण बोटाने दातावर घासतं?" तर काका आतून ओरडले, "तिचा काही नेम नाही!"

सरांना तू सगळं सांगितलंस, त्यांनी ऐकून घेतलं, नळ्या बदलल्या नव्हत्या हे मान्य केलं. आता तुमच्याकडे नाव घेऊन विचारतात, मशेरी, तपकीर, गुटखा, पानातला तंबाखू, सगळं. हे तू मला सांगितलंस तेव्हा मला बरं वाटलं. पुन्हा नाकं गोळा करायला तुला केवढे कष्ट पडले, तेही माहीत आहे मला.

तेव्हा मी म्हटलं होतं, "मी सोडते. मग घे माझ्या." तू म्हणालीस, "तरी स्वच्छांच्या गटात नाही बसणार तू. कधीच न लावलेली आणि सोडलेली, या दोघी एक नाहीत." मला वाईट वाटलं, पण खोटं गोड बोलली नाहीस याचं बरंही वाटलं. मग जराशाने म्हणालीस, सोडलेल्यांचा एक छोटा गट करता येईल, सर तयार आहेत, पण काही महिने पूर्ण बंद हवी. आणि हळूच म्हणालीस, "तुला नाही जमायचं, मावशी. जाऊ दे."

ते "जाऊ दे" मला लागलं बरं का.

काय काय झालं ते ऐक. पहिला आठवडा डोकं असं ठणकायचं की भिंतीवर आपटावं. पोट साफ होईना. आमटीत मीठ दोनदा पडलं. काकांनी टीव्ही मोठा केला म्हणून मी त्यांच्या माहेरचं काढलं, पुरुषाला माहेर नसतं हेही सुचेना. ते शांतपणे म्हणाले, "मी सिगारेट सोडली तेव्हा तू मला काय म्हणायचीस? मन घट्ट करा. कर आता." एवढी चीड आली, पण खरं होतं. त्यांना किती सहज बोलले होते मी तेव्हा.

सगळ्यांत वाईट म्हणजे बोट. सकाळी उठलं की उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप तोंडाकडे जायचं. मी झोपेत असले तरी ते जागं. बदामाची टरफलं जाळून राख केली, त्यात मीठ आणि लवंग, ती लावून बघितली. बोट फसलं, डोकं फसलं नाही. डबी भुईगावचीला देऊन टाकली, म्हटलं खाडीत टाक. ती म्हणाली, "खाडीतल्या माशांनी काय पाप केलंय?" आणि आमच्या समोरच तिने ती कचऱ्याच्या गाडीत रिकामी केली. साताऱ्याची थोरली अजून लावते. गॅलरीत उभी राहून लावते आणि वास माझ्याकडे येतो. मी आत येते आणि खिडकी लावून घेते. ही एक गोष्ट आता रोजचीच.

मला वाटायचं, सोडणं म्हणजे एकदा ठरवलं की झालं. तसं नाही. त्या तुझ्या वाट्यांत जसं रोज बघायचं, मोजायचं, तसंच हेही. कालची शाबासकी आज कामाला येत नाही. आणि मला एक कळलं, की मी हे तब्येतीसाठी करत नव्हते. दात माझे तसेही थोडेच उरलेत. मला त्या दुर्बिणीखाली पुन्हा बघायचं होतं. माझे केस अजून तसेच लवतात का, की इतक्या वर्षांत थकलेत, हे मला खरंखरं कळायला हवं होतं, तू समजूत काढून सांगशील तसं नव्हे, ज्याला वाटी कुणाची ते माहीत नाही अशा माणसाने मोजून सांगितलेलं.

तू म्हणाली होतीस तेवढे महिने होऊन वर झाले. तू विचारत नाहीस. विचारायला कचरतेस, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. तुला वाटतं, मावशीने हळूच सुरू केली असेल आणि तिला अवघडल्यासारखं होईल. अगं, लाळ आहे ना? माझ्या शब्दावर जाऊ नकोस, आधी ती तपास. निकाल आल्याशिवाय माझी वाटी कपाटात ठेवूच नकोस.

येत्या रविवारी ये. पुढचा रविवार म्हणू नकोस. माझं नाक तुझ्या कामाचं निघालं तर घेऊन जा, नाही निघालं तर निदान पोटभर जेवून जा, पण ये.